विकीवरचा जिताडा

बोगद्याचा कॅम्प, अरुणाचल
रविवार, ८ जून २०२५

भावनाताईस प्रितेशचा नमस्कार.

मागच्या बाजारच्या दिवशी पुलावर उभा राहून तुझा फोन घेतला. "वाचनालयाची खोली जाणार" एवढं ऐकलं नि रेंज गेली. पुढं तू पाच मिनटं बोलली असशील, मी इकडं नदीकडं बघत नुसतं "हां, हां" करत होतो. म्हणून आता कागदावर लिहितोय. आठवडाभर सुचंल तसं लिहायचं नि रविवारी पुलावर जाऊन फोटो काढून पाठवायचा. तू पण सगळं नीट लिहून पाठव. मी रेंजमध्ये आलो की धाडकन येऊन पडतं.

मी बरा हाय. पोकलेन पण बरं हाय. बोगद्याच्या तोंडाशी मलबा उचलतो. सुपरवायझरशी दोनदा वाजलं. तू बोलशील, न्हावा शेवाला वाजलं, सुरतला वाजलं, आता तिथं पण. ताई, माझं कुणाशी वाजत नाय. त्यांचंच वाजतं, मी फक्त समोर असतो.

खोली का जाते? कुणाला जाते? आठवी नापास झालो तवा अख्खा मे महिना मी त्या खोलीत काढला, कारण घरी बाबा होते. पुस्तक एक पण वाचलं नाय, पण पंखा लय चांगला होता. ती खोली जायची नाय. काय करायचं ते सांग, मी हितून करतो.

ठमाआत्याला सांग, मी वेळेवर जेवतो.

तुझा
प्रितेश


खारतळे सार्वजनिक वाचनालय, ता. पनवेल
१७ जून २०२५

प्रिय प्रितेश,

तू तिथून काय करणार आहेस देव जाणे, पण ऐक.

आपले अध्यक्ष प्रभाकरशेठ यांनी मागच्या वर्षी गावच्या तळ्यात मुरूम टाकून त्यावर क्रिकेटचं टर्फ केलं, हे तुला माहीत आहे. गावातल्या प्रत्येकाला माहीत आहे, फक्त कोणी बोलत नाही. आता टर्फला ऑफिस हवं, कपडे बदलायला खोली हवी. टर्फला लागून एकच खोली आहे, आपली. तेव्हा दिवाळीआधीच्या वार्षिक सभेत ठराव येणार: "वाचक येत नसल्याने वाचनालय तूर्त स्थगित." तूर्त म्हणजे कायमचं, हे कमिटीचं मराठी आहे. आणि स्थगित वाचनालयाला ग्रंथपाल कशाला लागेल? मी घरी.

वाईट याचं वाटतं की कारण खोटं नाही. रोज तिघं येतात. दोघं पेपरला आणि काळूरामकाका पंख्याला. तुझी गादी त्यांनी चालवली आहे.

गेल्या आठवड्यात अलिबागला ट्रेनिंगला गेले होते. विषय: ग्रंथालयांनी विकीचा प्रभावी वापर कसा करावा. साहेबांनी "ज्ञानाची सहनिर्मिती" हा शब्द उपमा येईपर्यंत वापरला आणि उपमा झाल्यावर पुन्हा वापरला. पण त्यातलं मला जे समजलं ते चांगलं आहे. विकी म्हणजे कॉम्प्युटरवरचा फळा समज. एका विषयाला एक पान. कोणीही येऊन लिहायचं, दुसऱ्याने चुकलेलं पुसून बरोबर करायचं. वाचक नुसता घेऊन जात नाही, काहीतरी ठेवूनही जातो. आणि एकदा स्वतः लिहिलं की माणूस ते बघायला परत येतोच.

मी विकी सुरू केला आहे. तुझंही लॉगिन काढलंय, परगावचा सभासद म्हणून. सध्या दोन पानं आहेत: "गावचं तळं" आणि "रहस्यकथा". दोन्हींवर मीच लिहिते आणि मीच पुसते. लोक कसे आणू?

भावना


कॅम्प
२२ जून २०२५

ताई,

तुझं पत्र पुलावरच दोनदा वाचलं. विकी मला एका झटक्यात कळला. हे म्हणजे हळदीचा मांडव! कुणी पण यायचं, कुणी पण नाचायचं, नि बँजोवाल्याला कुणी पण सांगायचं की हे नको, ते वाजव. साहेबाला उपमा खाऊन जे सांगता आलं नाय ते मी फुकट सांगितलं.

आता लोक कसे आणायचे. अगं, आपल्याकडं माणूस लग्नाला का येतो? पत्रिकेत नाव हाय म्हणून. नाव नसंल तर सख्खा मामा पण दारावरून मागं जातो. नि नाव खालच्या रांगेत असंल तर येतो, पण जेवत नाय. मग तू तळ्याच्या पानावर काय लिहिलंस? मी उघडून बघितलं. "तळ्याची खोली, पाण्याचा साठा, पक्षी." पक्षी येणार हायेत का वाचनालयात?

नावं घाल, ताई. तळं कुणी खणलं, पायऱ्या कुणी बांधल्या, गाळ कुणी काढला, पोहायला कुणी शिकवलं. श्री. घाल, सौ. घाल, कै. घाल. मग बघ. तुझ्या दारात चपलांचा ढीग नाय लागला तर माझं नाव बदल.

इकडं पाऊस सुरू झालाय, आठवड्यातले दोन दिवस काम बंद असतं. बसून बसून डोकं फिरतं. हे पण सोडावं असं वाटतंय.

प्रितेश


खारतळे
२० जुलै २०२५

प्रितेश,

तुझं नाव बदलायला नको. चपलांचा ढीग लागला.

मी फक्त एक ओळ लिहिली होती: "तळ्याच्या बांधकामात पुढील ग्रामस्थांचा सहभाग होता," आणि खाली पाच नावं. ही बातमी संध्याकाळपर्यंत गावभर. दुसऱ्या दिवशी सकाळी कुलूप काढायच्या आधी माणसं उभी. कोणाचे आजोबा राहिले होते, कोणाचे सासरे. कोणाचं नाव होतं पण जावयाच्या खाली होतं. एका गृहस्थांनी सांगितलं, आमच्या घराण्याला होळीचा पहिला नारळ असतो, मग तळ्यात दुसरे कसे? दोन भाऊ एकमेकांचं नाव आळीपाळीने पुसत तासभर एकाच खुर्चीवर बसले. अर्धा भाग याचा, अर्धा त्याचा.

काळूरामकाकांना चुकून कै. लागलं. मी घाबरून काढायला गेले, तर त्यांनी माझा हात धरला. म्हणाले, "ऱ्हाऊ दे गं. कैलासवासी वरच्या रांगेत हायेत. श्री. मदे गेलो त तळाला जाईन." रोज येऊन स्वतःचं कै. शाबूत आहे का ते बघतात आणि मग पंख्याखाली बसतात.

आता तळ्याच्या पानाची स्थिती. वर कुलस्वामिनी प्रसन्न. मग प्रेरणास्थान, मग मार्गदर्शक, मग निमंत्रक, मग शुभेच्छुक, मग समस्त मित्रपरिवार. अगदी शेवटी कोणीतरी टाकलंय, "आमच्या तळ्याला यायचं हं," आणि खाली चार लहान मुलांची नावं. या गर्दीत खोली, पाणी, पक्षी सगळं निघून गेलं. तळ्याच्या पानावर तळं नाही. म्हणजे गावात आहे तसंच.

एक बरं झालं. थांबलेल्या लोकांपैकी काहींनी रहस्यकथांचं पान उघडलं. आपल्या बऱ्याच पुस्तकांची शेवटची पानं फाटली आहेत ना, तर वाचकांनी शेवट आठवून लिहायला घेतलाय. एका कथेचे तीन खुनी झालेत आणि तिघांचेही समर्थक आहेत. त्या वादापायी ते पुस्तक दोनदा घरी नेलं गेलं! पुस्तक, प्रितेश! घरी!

पण काल प्रभाकरशेठ आले. पानावर त्यांचं नाव सतराव्या ओळीत होतं. चष्मा काढून वाचलं, चष्मा लावून वाचलं, चष्मा खिशात घातला आणि गेले. मला भीती वाटते.

भावना


खारतळे सार्वजनिक वाचनालय
अध्यक्षांचे कार्यालय
४ ऑगस्ट २०२५

श्री. प्रितेश यांस,
परगावस्थित सभासद, मु. अरुणाचल

स. न. वि. वि.

आपल्या वाचनालयाच्या विकी या उपक्रमास ग्रामस्थांचा उदंड प्रतिसाद लाभत असून त्यामुळे उपक्रमास धोका निर्माण झाला आहे. सबब कमिटीने खालीलप्रमाणे शिस्त लावली आहे, ती सर्व सभासदांस कळविण्यात येते.

विकीच्या पानांस कुलूप लावले असून पासवर्ड अध्यक्षांकडे राहील. ज्या सभासदास दुरुस्ती सुचवायची असेल त्याने तीन प्रतींत अर्ज करावा. अर्ज मासिक सभेत वाचला जाईल. शब्द योग्य वाटल्यास पुढील मासिक सभेत लिहिला जाईल. विकी चोरीस अगर पाण्याने खराब होऊ नये म्हणून त्याची प्रत छापून, बांधून, कपाटात ठेवली आहे. कपाटाची चावी माझ्याकडे आहे.

विकीवर अध्यक्षांचा परिचय (छायाचित्रासह) नव्याने समाविष्ट केला आहे. परगावच्या सभासदांनी त्याचा लाभ घ्यावा.

आपला,
प्रभाकरशेठ
अध्यक्ष


कॅम्प
१० ऑगस्ट २०२५

ताई,

शेठचा लाभ घेतला. काळा गॉगल, कानाला फोन, मागं टर्फ. "आवड: समाजसेवा, वाचन." वाचन वाचून मी पुलावरून पडता पडता वाचलो.

म्हणजे परत तिघंच येतात का? का काळूरामकाका पण बंद झाले? दिवाळीला किती राहिलेत? तू लिही ना काहीतरी. गप बसू नको.

बरं, मी एक काम केलंय, तू रागवू नको. आमच्या कॅम्पला स्वयंपाकी हाय शिवा म्हणून, ओडिशाचा. गेल्या बुधवारी मी नदीतला मासा आणून कालवण केलं. पोरांनी बोटं चाटली. मी बोललो, हे काहीच नाय, आमच्या तळ्यातल्या जिताड्याचं खाल तर आईला विसराल. तर शिवा बोलतो, असा मासाच नाय. मी बोललो, असा हातभर असतो, खाडीतून पिल्लू आणून तळ्यात सोडायचं, वाढवायचं, नि वर्षाकाठी जाळं टाकून घरटी वाटायचा. शिवा बोलतो, नेटवर दाखव. नेटवर हाय तर खरं.

म्हणून मी पुलावर बसून आपल्या विकीवर पान बनवलं: "जिताड्याचं कालवण." शेठनी कुलूप होत्या त्या पानांना लावलंय. नवीन पान कुणी करंल असं कमिटीच्या डोक्यातच आलं नाय. सगळं आठवून आठवून लिहिलं. तुकडे करावे, आगरी मसाला, लसूण, दोन टोमॅटो बारीक चिरून, मीठ, उकळी. शिवाला दाखवलं. त्यानं कान पकडले.

आता त्या पानाचं तू काय करू नको. कोण बघतंय तिथं.

प्रितेश


खारतळे
१९ ऑगस्ट २०२५

चि. प्रितेश यास ठमाआत्याचा आशीर्वाद. भावना लिवतेय, मी बोलतेय. तिला बोल्ले, एक शबूद पन बदलायचा नाय.

मेल्या, टोमॅटो?

जिताड्यात टोमॅटो? मी तुला ह्या हातानं वाढवला तो ह्यासाठी? भावनानं काल घरी येऊन सहज वाचून दाखवलं नि माजा घास तसाच ऱ्हायला. मी वाचनालयाची पायरी कदी चढले नवते. लोक बोलतात आत गप बसावं लागतं, म्हणून. पन काल चढले. बोल्ले, कुटं हाय ते पान? पूस आधी.

तर तिथं सोनाबाय येऊन बसलेली. शेठची आई. तिला पन कुनी सांगितलं. ती बोल्ली, ठमा, तुज्या भाच्यानं गावाची अब्रू घालवली. मी बोल्ले, ते तर केलंनच, पन तू कशाला आलीस? बोल्ली, मी टोमॅटोच्या जागी कैरीची आंबोशी घाल असं सांगायला आले. म्हंजी बग. चिंच नाय, आंबोशी! उरणची माहेरवाशीण, हितं येऊन साठ वर्सं झाली तरी आंबोशी सुटत नाय. तवापासून आमचं भांडण लागलंय नि ते आज पन ऱ्हायलंय, म्हणून आता लवकर आटपते.

तू लिवलास, तुकडे करावे. कुटून करावे? डोकं कुटं गेलं? डोक्याचं कालवण येगळं नि मदल्या तुकड्यांचं येगळं, हे तुला ठावं नाय? आगरी मसाला किती? लसूण ठेचून का चिरून? सगळं मी नीट लिवून घेतलंय.

तू तिकडं टोमॅटो खातोस का रोज? चिंच मिळत नाय का?

तुजी
आत्या


कॅम्प
३१ ऑगस्ट २०२५

ताई,

आत्याला सांग, इकडं चिंच मिळत नाय. बाजारात सांगून ठेवलंय, त्यांना कळत पण नाय मी काय मागतो. टोमॅटो मिळतो म्हणून टोमॅटो. घालून घालून मला तेच खरं वाटाय लागलं होतं.

शिवानं पान परत उघडलं. फोन त्याला सगळं हिंदीत करून दाखवतो. पहिलंच वाक्य होतं, "याआधी लिहिलेले कोणीही ऐकू नये." आता अख्ख्या कॅम्पात मी टोमॅटोभाई हाय. सुपरवायझर पण तसाच हाक मारतो.

आत्या वाचनालयात गेली ह्यावर माझा विश्वास नाय. मी बोललो होतो, हितून काहीतरी करतो. हे असं करायचं नवतं.

प्रितेश


खारतळे
१६ सप्टेंबर २०२५

प्रितेश,

तू जे करायचं नव्हतं तेच कामाला आलं. खोलीत आता बसायला जागा नाही.

बायका येतात. पहिल्यांदा आत्या आणि सोनाबाई आल्या, मग दोघींच्या बाजूच्या आल्या. ज्यांना लिहिता येतं त्या लिहितात, ज्यांना नाही त्या सांगतात आणि मग वाचून दाखवायला लावतात. नावाचं भांडण एकदाही झालं नाही. हाय ते बरोबर का चूक, एवढंच. ट्रेनिंगमधलं वाक्य मला आत्ता कळलं. नाव लावायला आलेला माणूस नाव लावून निघून जातो. चूक दिसलेला माणूस बसतो. चिंच की आंबोशी यावर दहा दिवस पुसापुशी चालली. शेवटी पानाचे दोन भाग केले: "खारतळ्याची रीत" आणि "उरणची रीत". त्या दिवशी दोघींनी एकमेकींना पान दिलं. खायचं.

निशाकाकीने "सुकवलेली आंबाड" हे सुकटीचं पान सुरू केलंय. लग्नात विधीची गाणी म्हणणाऱ्या धवलारणींनी येऊन विचारलं, धवले कोणत्या घरी कोणत्या क्रमाने, याचं पान होईल का? आणि थांबताना हातात काहीतरी हवं म्हणून मासिकं जातात, पुस्तकं जातात.

पण मुख्य गोष्ट पुढेच. कालवणाच्या पानावर साहित्यात पहिली ओळ होती: "जिताडा, तळ्यातला." गेल्या आठवड्यात मी ते सोनाबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "तळ्यातला कसा? तळं कुटं हाय?" मी म्हटलं, मग काय लिहू? सोनाबाई म्हणाल्या, "जे हाय ते लिव. तळं माज्या पोरानं बुजवलं, आता जिताडा बाजारातून आणावा." मी आत्याकडे बघितलं. आत्याने पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, "सांगतेय ती लिव की. रीत तिची हाय."

मी लिहिलं. गावात जे वर्षभर कोणी बोललं नाही ते आता साहित्याच्या पहिल्या ओळीत आहे, मसाल्याच्या वर.

प्रभाकरशेठना कळलं. संध्याकाळी आले, कॉम्प्युटरसमोर बसले, एका बोटाने ओळ पुसली आणि लिहिलं, "तळे कालौघात विकसित झाले." दुसऱ्या दिवशी सकाळी सोनाबाई. "वाच." मी वाचलं. "पूस. माजं लिव." संध्याकाळी शेठ. सकाळी आई. आज सहावा दिवस.

मी विचारलं, शेठ, घरून फोनवरही पुसता येतं. म्हणाले, "घरी आई समोर बसलेली असते."

पासवर्ड लावून त्याही पानाला कुलूप घालावं म्हणून त्यांनी तातडीची सभा बोलावली. एकही सदस्य आला नाही. सगळ्यांच्याच घरच्या बायकांचं त्या पानावर काही ना काही आहे.

भावना


खारतळे सार्वजनिक वाचनालय
अध्यक्षांचे कार्यालय
२५ सप्टेंबर २०२५

श्री. प्रितेश यांस,

स. न. वि. वि.

"जिताड्याचे कालवण" या पानाचे जनक आपण असल्याचे निदर्शनास आले आहे. सदर पानामुळे वाचनालयात स्वयंपाकाचे वातावरण निर्माण झाले असून ज्ञानाच्या प्रतिष्ठेस बाधा येत आहे. शिवाय त्यातील साहित्याच्या यादीत सार्वजनिक जीवनातील एका व्यक्तीचा अनावश्यक उल्लेख आहे.

तरी जनक या नात्याने आपण सदर पान स्वहस्ते समूळ काढून टाकावे. कमिटीतर्फे आपला परगावस्थित गुणवंत म्हणून सत्कार करण्याचे विचाराधीन आहे.

आपला,
प्रभाकरशेठ


कॅम्प
५ ऑक्टोबर २०२५

प्रभाकरशेठना प्रितेशचा रामराम.

तुमचं पत्र मिळालं. तुमी मोठे, तुमचा शब्द मोडवत नाय. म्हणून मी आज पुलावर बसून ते पान उघडलं नि वरपासून खालपर्यंत बघितलं, की माझं कुठलं नि दुसऱ्याचं कुठलं. कारण मी माझंच पुसू शकतो ना, शेठ. दुसऱ्यांच्या आयांचं कसं पुसणार?

तर अख्ख्या पानात माझा एकच शब्द उरलाय. "मीठ." तो काढू का? काढतो, पण मग कालवण अळणी होईल नि आत्या मला गावात घेणार नाय.

सत्काराचं मनात आणलंत ते बरं वाटलं. शाल नको, इकडं थंडीला पुरत नाय.

प्रितेश


खारतळे
१८ ऑक्टोबर २०२५

प्रितेश,

काल वार्षिक सभा झाली. मी रात्रभर झोपले नव्हते. पुस्तकं भरायला खोके आणून ठेवले होते.

स्थगितीचा ठराव कागदावर पहिलाच होता. वाचला दीपेशने, शेठच्या पुतण्याने. वाचून झाल्यावर सगळे शेठकडे बघायला लागले. शेठ माझ्याकडे. मग त्यांनी मला हळूच विचारलं, "खोली बंद केली तर कॉम्प्युटर कुठं जाईल?" मी म्हटलं, "ठमाआत्या म्हणतात, आमच्या ओटीवर ठेवा." शेठने जरा विचार केला. आत्याची ओटी म्हणजे सोनाबाईंची रोजची बसायची जागा. आणि आत्याच्या ओटीवर जाऊन संध्याकाळी आईचं वाक्य पुसायची हिंमत गावात कोणाला आहे?

शेठ उठले. म्हणाले, "वाचन ही माझी आवड आहे, हे सर्वांना ठाऊक आहे." टाळ्या झाल्या. मग ठराव फिरवून असा मंजूर झाला: वाढती वाचकसंख्या लक्षात घेऊन खारतळे सार्वजनिक वाचनालय कायम त्याच खोलीत राहील, आणि वेळ वाढवून सकाळी आठ ते रात्री आठ करण्यात येईल. सूचक: प्रभाकरशेठ. सकाळची वेळ आईची, संध्याकाळची मुलाची, मधली बाकी गावाची.

मी खोके परत दिले.

तुला हसू येईल. आईने आज काय लिहिलंय ते बघायला शेठ आता दुपारीच येतात. ती खुर्चीवरून उठेपर्यंत त्यांना थांबावं लागतं. रहस्यकथा वाचायला लागलेत. परवा म्हणाले, खुनी माळीच असणार. काळूरामकाका पंख्याखालून म्हणाले, "शेठ, कैलासवासी मानसाचं ऐका, माळी नाय."

दिवाळीला येशील असं वाटलं होतं. फराळ पाठवते आहे. आत्याने त्यात चिंच घातली आहे, एक किलो.

भावना


वाचनालय, खारतळे
२७ ऑक्टोबर

प्रितेश,

हे खासगी आहे. जावक क्रमांक टाकलेला नाही. वाचनालयातूनच लिहितो आहे, आई समोर ठमाबाईंशी बोलत बसली आहे, अजून उठलेली नाही.

मी रोज पुसतो, ती रोज लिहून घेते. घरी मात्र याविषयी एक शब्द नाही. ताट वाढते, "जेव" म्हणते. परवा ताटात जिताडा होता. बाजारचा. मला म्हणाली, "बग कसा लागतो." बस्स, एवढंच. मी खाल्ला. चिखलाचा वास नव्हता, तरी तळ्यातल्यासारखा लागला नाही.

यंदाच्या पावसात टर्फवर गुडघाभर पाणी साचलं होतं ते अजून कोपऱ्यात आहे. पोरं खेळायला येत नाहीत. तू पोकलेन चालवतोस म्हणून विचारतो. तेवढा मुरूम काढून पूर्वीइतकं खोल करायचं तर किती दिवसांचं काम आहे? सहज विचारतो. करीनच असं नाही. केलं तर "तळे सुशोभीकरण" म्हणून करावं लागेल, पाटी लावावी लागेल.

आईला यातलं कळू देऊ नये. भावनालाही नको.

प्रभाकर


कॅम्प
२ नोव्हेंबर २०२५

ताई,

चिंच पोचली. शिवाला वास दिला. तो बोलला, हे तर आमच्याकडं पण असतं, तू आधी का नाय बोललास? दोन महिने त्यानं मला टोमॅटोभाई केला नि ह्याच्या गोणीत घरची चिंच पडलेली होती! मग दोघांनी मिळून कालवण केलं. सुपरवायझर पण जेवला. त्याच्याशी आता वाजत नाय, निदान ह्या आठवड्यात.

शेठनी मला काय लिहिलंय ते मी तुला सांगणार नाय, कारण तुला सांगू नको असं लिहिलंय. मी त्यांना उत्तर दिलं ते सांगतो, त्याला त्यांनी मना नाय केलं. मी लिहिलं: शेठ, खणायचं काम दोन दिवसांचं हाय, डंपर लावले तर. पाटीवर नावं कुठल्या क्रमानं हे ठरवायला गावाला तीन वर्षं लागतील. म्हणून आधी खणा, मग पाणी भरू द्या, मग पाटीचं बघू. पोकलेन मी येऊन चालवतो. मार्चमध्ये बोगदा आरपार जातो, मग मी मोकळा. मजुरी नको, पण माझं नाव पण नको, नायतर कुणाच्या तरी खाली लागेल नि आत्या जेवणार नाय.

आज पुलावर पान उघडलं. साहित्याची पहिली ओळ सोनाबाई काकींचीच हाय, म्हणजे सकाळची वेळ होती. मग खाली जात जात अगदी तळाला नवीन भाग दिसला. मला आधी वाटलं शेठनी काहीतरी घुसडलंय.

"परमुलखातली रीत. जिथं चिंच मिळत नाय तिथं टोमॅटो घालावा. चालतो. ह्यावर कुणी हसू नये. सांगणार: ठमाबाई."

ते मी शिवाला वाचून दाखवलं. फोनमधल्या हिंदीत नाय, मी माझ्या तोंडानं.

आत्याला सांग, आता टोमॅटोची गरज नाय, पण ते तसंच ऱ्हाऊ दे. नि मार्चमध्ये येऊन खणलं की पावसाळ्यात तळ्यात पाणी येईल, पण जिताडा हातभर व्हायला दोन वर्षं तरी लागतात. तोपर्यंत पेणवरून आणा. पण पानावर पेणचा म्हणूनच लिही. तळ्यातला लिहिलंस तर सोनाबाई काकी पुसतील.

प्रितेश